रब्बी सरांची चुकलेली संथा

अमरावतीच्या साईनगरात वामनराव सांबरे कुठे राहतात म्हणून विचारलं, तर कोणी सांगू शकणार नाही. पण 'रब्बी सर' म्हटलं, की पानठेल्यावरचा माणूस उठून दारापर्यंत आणून सोडतो. वऱ्हाडात रब्बी म्हणजे हरभरा आणि गहू. त्यामुळे सर कृषी खात्यातून निवृत्त झाले असावेत, अशी निम्म्या नगराची समजूत आहे, आणि एकदोघांनी त्यांना घाटेअळीवर औषधही विचारलं आहे. सरांनी ते सांगितलंही. न येणाऱ्या विषयावर ठामपणे बोलायची त्यांना जुनी सवय होती.

खरं म्हणजे सर कॉलेजात इतिहास शिकवायचे. रब्बी हे नाव पडलं ते त्यांच्या व्याख्यानामुळे. ज्यू लोकांतले पंडित, त्यांचे धर्मगुरू म्हणजे रब्बी, आणि हिब्रू भाषेतले जुने कवी, हा त्यांचा ठरलेला विषय. तो त्यांनी निवडला नव्हता. नोकरीला लागले त्या वर्षी ग्रंथपालानं भलत्याच मागणीवर सही केली आणि या पंडितांच्या चरित्रांचा इंग्रजी संच कॉलेजात येऊन पडला. कोणी हात लावेना. शेवटी प्राचार्यांनी सगळ्यांत नव्या माणसाला बोलावलं आणि म्हणाले, "सांबरे, यावर कोणीतरी काहीतरी बोला, नाहीतर ऑडिटवाले बोलतील." सांबरे बोलले. मग त्यांना थांबवणं कोणाला जमलं नाही.

त्यांच्या तोंडून जे पंडित वऱ्हाडाला भेटले, ते जगात इतर कुठे सापडले नसते. स्पेनमधला एक कवी राजाचा वजीर होता आणि मोहिमेवरून मुलाला कविता लिहून पाठवायचा. सरांच्या तोंडी तो हळूहळू दर्यापूरकडचा करारी पाटील झाला. कैरोचा एक थोर तत्त्वज्ञ पोटासाठी वैद्यकी करायचा. दिवसभर सुलतानाच्या दरबारी राबून घरी यावं, तर ओसरी रोग्यांनी भरलेली. हे सांगताना सर स्वतःच इतके दमायचे, की पुढच्या रांगेतून पाण्याचा पेला यायचा. फ्रान्समधल्या एका रब्बीचे द्राक्षमळे होते म्हणतात. वरुडला हे सांगितलं, तेव्हा एक म्हातारा शेतकरी उठून म्हणाला, "त्याले एकरी उतारा काय पडे जी?" सरांनी श्वासही न घेता उतारा सांगितला. बसमध्ये परतताना त्यांना स्वतःची लाज वाटली, पण मोर्शी येईपर्यंत ती ओसरली. माणूस स्वतःला किती चटकन माफ करतो, यावर खरं तर त्यांनी दुसरं व्याख्यान तयार करायला हवं होतं.

हा सगळा डोलारा एकाच गोष्टीवर उभा होता. खाली बसलेल्यांत हिब्रू येणारं कोणी नसायचं. वर उभ्या असलेल्यालाही येत नव्हतं. सर हिब्रूचं एक अक्षर ओळखत नव्हते. वासरात लंगडी गाय शहाणी, ही म्हण ते मनातल्या मनात रोज स्वतःला ऐकवायचे, आणि तरी शाल-श्रीफळ दोन्ही हातांनी घ्यायचे. आयुष्यभर त्यांना भीती होती ती एकच. कुठल्यातरी सभेत कोणीतरी उठेल आणि म्हणेल, सर, हे काय म्हणून राहिले तुमी?

कारण व्याख्यानाची सुरुवात ते हिब्रूतून करायचे. डोळे मिटून, घनगंभीर आवाजात, स्पेनच्या त्या वजीर कवीचं काव्य. हे त्यांना मिळालं होतं पुण्याच्या एका उजळणी वर्गात. तिथे त्यांच्या खोलीत एक बेने इस्रायली मास्तर होते. बेने इस्रायली म्हणजे पिढ्यान् पिढ्या कोकणात राहिलेले, घरात मराठी बोलणारे ज्यू. या भल्या माणसानं सरांची हौस पाहून एक कॅसेट भरून दिली. एका बाजूला कवीचं काव्य, दुसऱ्या बाजूला रोजच्या प्रार्थना. घरी आल्यावर कोणती बाजू कोणती, हे सरांच्या ध्यानात राहिलं नाही. पत्र टाकून विचारायचं, तर हिब्रूचा अभ्यासक म्हणून कमीपणा आला असता. म्हणून त्यांनी जी बाजू आधी लागली ती पाठ केली.

पाठ करायला मात्र सरांचा हात धरणारा कोणी नव्हता. घराणं भिक्षुकांचं. वडील दारात पोरं बसवून संथा द्यायचे. गुरूनं मंत्राचा तुकडा म्हणायचा, शिष्यानं तो पुन्हा पुन्हा म्हणायचा, स्वर हलला तर मांडीवर चापट. अर्थ काय, हे विचारायची पद्धत नव्हती. सरांनी कॅसेट तशीच घोकली, चालीसकट, आवंढ्यासकट. त्यात एका जागी एक शब्द लागोपाठ दोनदा यायचा, पुढचाही दोनदा. सरांनी लगेच ओळखलं, की ही गुरुजींनी शिष्याच्या सोयीसाठी केलेली पुनरुक्ती, मूळ पाठात हे एकदाच असणार. आणि त्यांनी तो पाठ शुद्ध करून टाकला. भिक्षुकाच्या पोरालाच सुचावी अशी ही हुशारी होती.

मागच्या हिवाळ्यात अकोल्याच्या जठारपेठेतल्या वाचक मंडळानं सरांना बोलावलं. मंडळाचे सचिव खुशालराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, उत्साही गृहस्थ. त्यांनी पेपरात बातमी दिली, 'हिब्रूचे गाढे अभ्यासक आज अकोल्यात.' सरांनी ती बसमध्ये वाचली, 'गाढे' या शब्दाशी क्षणभर थबकले आणि पुढच्या पानावर गेले.

सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. सरांनी डोळे मिटून काव्य म्हटलं आणि डोळे उघडले, तर तिसऱ्या रांगेत एक वयस्क बाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. सरांना भरून आलं. इतकी वर्षं म्हटलं, पण काव्यानं कोणी रडल्याचं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. पुढचं सगळं व्याख्यान त्यांनी त्या एका बाईंना उद्देशून दिलं. वजीर त्या दिवशी तीन लढाया जास्त लढला.

कार्यक्रम संपला. शाल खांद्यावर, नारळ हातात. बाई व्यासपीठाशी आल्या.

"सर, मी ऱ्होडा नवगावकर. आमी ज्यू आहो. मालक रेल्वेत गार्ड होते, म्हनून इकडचेच झालो. इथंच मागच्या गल्लीत राहतो."

आयुष्यभर जिची भीती होती ती हीच सभा, हे सरांना समजलं. एवढंच, की उभं राहिलेलं माणूस त्यांनी कल्पिलं होतं तसं रागीट नव्हतं. ते हसू दाबत होतं.

"तुमी सुरुवातीले म्हटलं ना, ते लय छान म्हटलं," ऱ्होडाबाई म्हणाल्या. "पन ते कवीचं नोहे जी."

"मग?" सरांनी विचारलं.

"माहे सासरे संडासातून आले का हात धुवून ते म्हनत. मालक बी म्हनत. रोजचंच."

खुशालराव शेजारी पुष्पगुच्छ घेऊन उभे होते. ते एकदम सभागृहाचे दिवे बंद करायला निघून गेले. फार समंजस माणूस.

"त्याचा अर्थ," सर म्हणाले, कारण अभ्यासक अर्थ विचारतोच, "काय आहे?"

"देवानं मानसाले अक्कलेनं बनवलं. अंगात छिद्रं ठेवली. त्यातलं उघडं ते बुजलं, नाईतर बंद होतं ते उघडलं, तर मानूस घडीभर तुह्यापुढे उभा नाई राहू शकत. म्हनून तुहे उपकार. असं सासरे सांगत."

सरांनी नारळ टेबलावर ठेवला. कुठे कुठे म्हटलं आपण हे? शारदोत्सवाच्या उद्घाटनाला. सहकाऱ्याच्या मुलीच्या स्वागतसमारंभात, वधूवर समोर उभे असताना. प्राचार्यांच्या शोकसभेत तर आग्रहास्तव दोनदा. आणि गेली काही वर्षं स्वतःच्या प्रोस्टेटपायी रात्रंदिवस ज्या देवाची विनवणी करायची वेळ आली होती, त्याची नेमकी प्रार्थना आपल्याला तोंडपाठ होती आणि आपण ती वजिराच्या नावावर खपवत होतो. सरांना स्वतःचं हसू आलं, आणि मग ते थांबेना. ऱ्होडाबाईही पदर सोडून हसायला लागल्या.

हसता हसता बाईंचे डोळे खरोखरच भरले.

"सर, माहं काम हाय तुमच्याशी. आमच्या मालकाले दिवाळीत झटका आला. उजवं अंग गेलं, ते तर गेलंच. पन बोलनं गेलं. तवापासून एक शब्द नाई. नुसतं पायत राहते. डॉक्टरीन म्हने, कदी कदी बोलनं जाते पन लहानपनचं पाठ केललं मेंदूत तसंच राहते. गाने ऐकवा, प्रार्थना ऐकवा, एखांद्या वेळी तोंडातून निघते. मले ते म्हनता येत नाई. आमच्या घरी पोरींले शिकवतच नोहते. मी आपली दाराबाहेरून ऐकलेली."

त्यांचा मुलगा शिमोन इस्रायलात अश्दोदला होता. त्यानं तिकडून फोनवर खूप प्रार्थना पाठवल्या. पण तिथले उच्चार वेगळे, चाल वेगळी. ऐकवलं की बाईंचे यजमान, दानीयलराव, भिंतीकडे मान फिरवत.

"तुमची चाल आमच्या घरची हाय," ऱ्होडाबाई म्हणाल्या. "तुमी डोळे मिटून म्हनत होते तवा मले वाटलं, आता हे हात पुसत बाहेर येतीन. चालता का घरी? मले फक्त त्यायचा आवाज ऐकाचा हाय, एकडाव."

"बाई," सरांनी आयुष्यात पहिल्यांदा तोंडानं कबूल केलं, "मला हिब्रू येत नाही."

"ते समजलं मले. चला."

घर जवळच होतं. दाराच्या चौकटीला तिरपी बसवलेली एक बोटभर नळी होती. आत धर्मवचनांचा कागद असतो, हे सर शेकडो लोकांना सांगत आले होते. ती चांदीची असते, असंही सांगत आले होते. ही प्लास्टिकची होती. बाईंनी जाता जाता तिला बोटं लावून ओठांना टेकवली.

दानीयलराव खाटेवर उशीला टेकून बसले होते. अंगानं उंच, आडव्या हाडाचे. दाढी स्वच्छ केलेली. खाटेच्या कडेला लघवीची पिशवी लटकत होती. ती दिसली आणि सरांचं अवसान गळालं. अर्थ माहीत नसताना जे हजार लोकांसमोर सहज म्हणता येत होतं, ते या एका माणसासमोर अर्थ कळल्यावर म्हणायचं कसं? हे पुस्तकी पांडित्य घेऊन आपण एखाद्याच्या दुखण्याजवळ कधी बसलोच नव्हतो, असं त्यांना वाटलं आणि फार वाईट वाटलं.

पण बाई दाराशी उभ्या होत्या. सरांनी खुर्ची पुढे ओढली, डोळे मिटले आणि सुरुवात केली.

दानीयलराव हलले नाहीत. सर 'नेकावीम' या शब्दाशी आले. नेकावीम म्हणजे छिद्रं. नेहमीप्रमाणे एकदा म्हणून पुढे गेले.

"नेकावीम."

सर थांबले. आवाज जाड, घोगरा, गंजल्यासारखा होता. दानीयलराव त्यांच्याकडे कपाळाला आठ्या घालून पाहत होते. सरांनी पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं. तोच शब्द आला, गेला.

"नेकावीम," दानीयलराव म्हणाले, आणि डाव्या हातानं खाटेची कड थोपटली. थांब. दोनदा आहे ते. इतक्या वर्षांत हे सांगणारा कोणी भेटला नव्हता. सरांचे वडीलही पाठ चुकला की असंच करत, फक्त खाटेऐवजी मांडी असे.

ऱ्होडाबाई दाराशीच खाली बसल्या होत्या. त्या रडत होत्या आणि आवाज होऊ नये म्हणून पदराचा बोळा तोंडात धरला होता.

तिसऱ्या खेपेला सर अर्थातच शहाणे झाले. गुणी विद्यार्थ्यासारखा त्यांनी शब्द दोनदा म्हटला, पुढचाही दोनदा, आणि शेवटापर्यंत गेले. दानीयलरावांनी समाधानानं डोळे मिटले. सर वाट पाहत राहिले. काही नाही. पुन्हा एकदा बिनचूक म्हटलं. पुन्हा शांतता. पोरगं नीट म्हणत असेल तर गुरुजी कशाला तोंड उघडतील?

हे बाईंना आधी उमगलं. "सर," त्या हळूच म्हणाल्या, "मगाससारखं चुका ना जी."

सर चुकले. खाटेवरून ताबडतोब आवाज आला.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला, सिंधूताईंना, सगळं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. आधी पोट धरून हसल्या, मग एकदम थांबल्या. "अहो, म्हणजे नातवाच्या मुंजीत मांडवात उभं राहून तुम्ही हेच म्हटलं होतं?"

"हेच. स्वरांसकट."

"आणि मी व्याह्यांना सांगितलं, ह्यांना परक्या भाषेतले वेद येतात म्हणून." त्यांनी मेथीची जुडी पुढे ओढली. "जाणार आहात का पुन्हा?"

"दर रविवारी. चुकायला."

ऐकायला हे सोपं वाटतं. पण सरांची जीभ भिक्षुकाची. एकदा शुद्ध झालेला पाठ ती पुन्हा अशुद्ध करायला तयार होईना. अकोल्याच्या बसमध्ये बसले की तोंडात आपोआप दोनदा 'नेकावीम' यायला लागलं. ज्या माणसाची अख्खी हयात न येणारं येतं असं दाखवण्यात गेली, त्याला आता येणारं येत नाही असं दाखवायचं होतं, आणि हे दुसरं कितीतरी अवघड होतं. सकाळी अंघोळीनंतर ते गच्चीत उभं राहून चुकीचा सराव करायचे. शेजारी विचारायचे, "सर, नवं व्याख्यान का?" सर म्हणायचे, "नाही, जुनंच बिघडवतोय."

रविवार मागून रविवार गेले. सर चुकायचे, दानीयलराव दुरुस्त करायचे. तो एक शब्द, क्वचित त्याच्या पुढचा. ऱ्होडाबाई तेवढ्यासाठी हातातलं काम टाकून दाराशी येऊन उभ्या राहायच्या. एकदा चहा देताना म्हणाल्या, "शब्द देवाचा हाय, मले काई समजत नाई त्यातलं. पन आवाज तर ह्यायचाच हाय ना." एवढं बोलून त्या आत गेल्या. त्यांना आणखी काय हवं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही, पण सरांना कळलं. बावन्न वर्षांच्या संसाराला एका हिब्रू शब्दावर भागवावं लागत होतं.

उन्हं तापायला लागली तेव्हाची गोष्ट. कूलर नुकताच लावला होता. सरांनी पाठ सुरू केला आणि नेमाप्रमाणे चुकले. दानीयलरावांनी दुरुस्त केलं. सर पुन्हा चुकले. पुन्हा दुरुस्ती, या वेळी खाटेच्या कडेवर जोरात हात. त्या दिवशी सरांची जीभ चांगली वळली होती, म्हणून त्यांनी लागोपाठ तिसऱ्यांदा चूक केली, आणि हौसेनं पुढच्या ओळीतही एक नवीन चूक घातली.

दानीयलराव ताठ झाले. मान पुढे आली, गळ्याच्या शिरा ताणल्या. ओठ कितीतरी वेळ नुसते हलत राहिले. इतके दिवस तोच तो पाठ आणि तीच ती चूक, कोणता गुरू सहन करेल?

"बह्याड," ते म्हणाले.

अगदी स्पष्ट. हिब्रू नव्हे, वऱ्हाडी; बह्याड म्हणजे खुळा, बिनडोक. आणि पाठ केलेलं नव्हे, त्यांचं स्वतःचं, त्या क्षणी सुचलेलं.

गाढे अभ्यासक, रब्बी सर, एवढ्या उपाध्या सरांनी मिरवल्या, पण विषयातल्या जाणकाराचं लेखी-तोंडी मत त्यांच्याबद्दल आजवर आलं नव्हतं. ते आलं होतं, आणि त्यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं.

ऱ्होडाबाई ओल्या हातांनीच धावत आल्या आणि खाटेशी बसल्या. "मले म्हनत," त्या सरांकडे न पाहता म्हणाल्या. "लगन झाल्यापासून मलेच म्हनत. मीठ जास्त झालं का बह्याड, किल्ली इसरली का बह्याड." त्यांनी नवऱ्याचा डावा हात धरला. "कोनाले म्हटलं जी? त्यायले म्हटलं का मले? म्हना ना पुन्हा. मले म्हना."

दानीयलराव त्यांच्याकडे पाहत होते. पाहता पाहता त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. ओठ हलले, पण काही निघालं नाही.

बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग हात न सोडता मान वळवली.

"सर, थांबले काहून? चुका ना."

वामनरावांनी डोळे पुसले, मिटले आणि जमेल तितकं चुकीचं म्हणायला सुरुवात केली.